सेकंडहँड सीबीआर २५०आर : आठ महिन्यांची वही

गाडी होंडा सीबीआर २५०आर, सी-एबीएसवाली (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), २०१३ची, एमएच-११ म्हणजे साताऱ्याचं पासिंग. घेतली तेव्हा मीटरवर ४१,३०० किलोमीटर. रोजच्या ऑफिसला ॲक्टिव्हा आहे, ही फक्त लांबच्या फिरण्याला. ठरवलेलं बजेट : सगळं धरून ८० हजार. वही खर्च लिहायला सुरू केली होती, हळूहळू तिच्यात चुकाच जास्त जमल्या. कुणी हीच गाडी बघत असेल तर उपयोगी पडेल म्हणून फारशी न सुधारता उतरवतोय.

१२ जानेवारी २०२५, रविवार

कोरेगावला जाऊन गाडी पाहिली. माझ्या मणक्यात गॅप आहे, त्यामुळे टाकीवर झोपून चालवायची गाडी जमणारी नव्हती. सीबीआरचं हँडल त्या मानाने उंच, फेअरिंग छातीवरचा वारा अडवतं आणि २४९.६ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन हायवेला नव्वद-शंभरवर दिवसभर तक्रार न करता चालतं. निन्जा ६५०चा विचार तिच्या टायरची किंमत ऐकूनच सोडला होता.

निघताना फोनवर बजावलं होतं, "दादा, गाडी सुरू करू नका, मला थंडच बघायचीय." पोचलो तर रेडिएटरला हात लाववत नव्हता. "सकाळी दूध आणायला नेली होती," मालक म्हणाले. अडीचशे सीसीवर दूध! खरं तर तिथे दोन तास चहा पीत बसायला हवं होतं. मी बसलो नाही. थंड गाडी कशी सुरू होते, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) वाजतात का, टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून धरणारा भाग) खडखडतो का, काहीच कळलं नाही.

टायर मात्र नीट पाहिले. मागच्या टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती आणि मालक तेच बोट ठेवून दाखवत होते. मी मोबाईलची बॅटरी लावून बाजूचा चार आकडी शिक्का शोधला : ०७१७. म्हणजे २०१७चा सातवा आठवडा. आठ वर्षांचं रबर. नखाने दाबलं तर नख उमटेना, आणि खाचांच्या तळाशी केसांसारख्या भेगा. पुढचा ४११९. चेनही पूर्ण ताणलेली, ॲडजस्टर शेवटच्या खुणेवर.

एक गोष्ट पाहायचीच राहिली : पुढचं चाक उचलून हँडल फिरवणं. या गाडीला मधला स्टँड नाही, उचलायला दोन माणसं लागतात, आणि मी एकटा गेलो होतो. त्याची किंमत पुढे येईल.

मागणी ७८ हजार. टायर आणि चेन दाखवून ६६ वर आणलं. पाच हजार टोकन.

१९ जानेवारी

टोकन दिल्यावर कागद पाहिले. उलट करायला हवं होतं, हे मलाही माहीत आहे.

आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा अजून चढलेलाच. कर्ज २०१६ला फिटलं, ना हरकत दाखलाही तेव्हाच घेतलेला, पण आरटीओत जाऊन बोजा उतरवलाच नाही. दाखला मात्र छान लॅमिनेशन करून कपाटात. नऊ वर्षांपूर्वीच्या तारखेचा तो कागद चालणार नाही हे उघड होतं. नवा दाखला आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) वर सही-शिक्का लागणार. पतसंस्थेची ती शाखा बंद, मुख्य कार्यालय तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि नऊ वर्षांपूर्वीचं खातं शोधणारा माणूस रजेवर.

वाहतुकीची तीन ई-चलनंही निघाली, तीनही हेल्मेटची. ती त्यांनी माझ्यासमोर भरली.

एक हिशोब मनाशी केला : नोंदणी जून २०१३ची, म्हणजे आरसीची पंधरा वर्षं जून २०२८ला भरणार. नंतर फेरनोंदणी, तपासणी, वर हरित कर. ज्यांना ही गाडी दहा वर्षं ठेवायचीय त्यांनी हे भावातच धरावं. मी धरलं नाही.

२२ फेब्रुवारी

पाच आठवड्यांनी गाडी घरी. दाखला मिळायलाच चार आठवडे गेले. पतसंस्थेत मी स्वतः दोन खेपा मारल्या. बाकी मालकी बदलायचे फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, पीयूसी आणि विमा. हस्तांतर आणि बोजा उतरवणं, एजंटासकट २,८०० रुपये. विमा फक्त थर्ड पार्टी : १५० ते ३५० सीसीचा दर १,३६६, जीएसटी धरून १,६१२. ॲक्टिव्हाच्या पॉलिसीत मालक-चालकाचं अपघात कव्हर आहे, ते इथे परत घ्यावं लागलं नाही. नव्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचे ५३१ ऑनलाइन भरले. एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

२ मार्च

पहिली सर्व्हिस घरीच. ऑइल (फिल्टरसकट दीड लिटर बसतं), फिल्टर, कूलंट, स्पार्क प्लग : १,९५०.

फेअरिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत. पुठ्ठ्यावर गाडीची बाजू काढली आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला. अख्ख्या दिवसात अक्कल वापरली ती एवढीच. तरी दोन प्लास्टिक क्लिपा तुटल्याच. त्या घेतानाच चार-पाच जास्त आणून ठेवा.

संध्याकाळी पाचला फिल्टरचं झाकण बसवताना बोल्ट तुटला. बारीक बोल्ट, साधारण दहा न्यूटन-मीटरचा मामला, आणि मी "अजून थोडा" म्हणून लांब पान्याने आवळला. तुटायच्या आधी एक क्षण बोल्ट लोण्यासारखा मऊ लागतो. हात तिथेच थांबायला हवा होता. अर्धा तुकडा इंजिनात, अर्धा हातात.

९ मार्च

आठवडाभर गाडी तशीच उघडी. एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी बोल्टाच्या मधोमध भोक पाडून उलट्या आट्याच्या टॅपने तुकडा काढला. काम वीस मिनिटांचं. त्यांच्यापर्यंत न्यायची कशी, यात आठवडा गेला, कारण ऑइल काढलेली गाडी चालवत नेता येत नाही. शेवटी त्यांनाच ड्रिलसकट घरी आणलं. ३५० त्यांचे, ४० नव्या बोल्टांचे. काका जाताना म्हणाले, "ॲल्युमिनियमशी दादागिरी करायची न्हाय."

३० मार्च, गुढीपाडवा

हार घालून पहिली खरी फेरी : सातारा-कऱ्हाड-सातारा. हायवेला सहापदरीकरणाचं काम चालू, दर दोन-चार किलोमीटरला वळवलेला रस्ता. तिथेच कळलं की गाडी सरळ जाताना हँडल मधोमध अडकतं. डावीकडे किंचित वळवलं की 'टक्' करून सुटतं, परत सरळ करताना पुन्हा त्याच खड्ड्यात. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खलास. १२ जानेवारीला दोघांनी पुढचं चाक उचललं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं, आणि भावात अजून तीन-चार हजार सुटले असते.

एप्रिल

महिनाभर भाग आणि मजुरी. हे मॉडेल २०२०पासून बंद आहे, त्यामुळे भाग मिळतात पण मागवावे लागतात.

कोनसेट आणि पुढच्या शॉकॉपचे ऑइल सील एकदमच केले. दोन्हीसाठी पुढचा सगळा भाग उतरवावा लागतो, मग मजुरी दोनदा कशाला? सुट्या भागांसकट ३,९००. जुनी वाटी हातात घेऊन पाहिली तर गोळ्यांनी तिच्यात ओळीने खळगे पाडलेले, बोट फिरवलं की मोजता येतील असे. टायर जोडी (पुढे ११०/७०, मागे १४०/७०, दोन्ही सतरा इंची) ६,९००. चेन-स्प्रॉकेट किट ३,७००. बजेट इथेच ओलांडलं.

नव्या टायरवर गाडी दुसरीच वाटते. वळणात ती ढकलावी लागायची, आता नुसतं बघितलं तरी वळते. एवढ्या खर्चातला सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा हा.

१ मे

उंब्रज-पाटण मार्गे चिपळूणला निघालो. कोयनानगर-हेळवाकच्या आसपास एबीएसचा दिवा लागला, मग मीटर फिकट झालं, मग इंजिन दोनदा खोकलं आणि बंद. कुंभार्ली घाट अजून पुढेच होता.

टपरीवरच्या मामांनी विचारलं, "पाव्हणं, पेट्रोल हाय न्हवं?" पेट्रोल होतं. चार पोरांनी उतारावर धक्का दिला, दोनदा. उपयोग शून्य. ही इंजेक्शनची गाडी, पेट्रोलच्या पंपालाच करंट नसेल तर धक्क्याने काय होणार? कार्बोरेटरच्या गाड्यांवर वाढलेल्या माणसाला हे पटायला दोन धक्के लागतात.

टेम्पोत घालून साताऱ्याला : २,५००.

४ मे

फिटर म्हणाले, "सायेब, बॅटरी गेली." बॅटरी जुनीच होती, मलाही पटलं. नवी १२ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरची : १,९५०, जुनी देऊन. बसवल्यावर गाडी सुरू करून मीटर लावला : १४.१ व्होल्ट. "चार्जिंग एक नंबर," ते म्हणाले. मीही मान डोलावली. दोन मिनिटं चाललेली थंड गाडी, हेडलाइट बंद, आणि आम्ही दोघं खूश.

११ मे

कासला जाऊन येताना यवतेश्वर घाटात पुन्हा एबीएसचा दिवा. हेडलाइट बंद करून, इंडिकेटरसुद्धा न देता हात दाखवत घर गाठलं.

१७ आणि १८ मे

"मग रेग्युलेटर," फिटर म्हणाले. म्हणजे इंजिनाकडून येणारा करंट बॅटरीला बेताने देणारा भाग. बाजारातला पर्यायी रेग्युलेटर १,४००. शनिवारी बसवला, मीटरवर १४.२. रविवारी पुन्हा कासच्या रस्त्याला, पुन्हा तोच दिवा, जवळपास त्याच वळणावर.

इथे माझं डोकं ताळ्यावर आलं. दोनदा आम्ही थंड गाडी मोजली होती, आणि बिघाड येत होता गरम झाल्यावर. साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर चार वर्षं माझ्याच कपाटात पडून आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून पाऊस. यंदा त्याने कुणालाच वेळ दिला नाही. गाडी ताडपत्रीखाली.

१ जून

सकाळी उघडीप मिळाली. मल्टिमीटर चिकटपट्टीने टाकीवर चिकटवला, वायरी सीटखालून बॅटरीला. हेडलाइट लावून उंब्रजच्या दिशेने निघालो आणि दर दहा मिनिटांनी बाजूला थांबून, इंजिन पाच हजारावर धरून आकडा लिहिला. सुरुवातीला १४.१. दहा मिनिटांनी १३.८. वीसला १३.१. तिसाव्या मिनिटाला १२.५, आणि तिथून रेझ कितीही केलं तरी वर जाईना. म्हणजे इंजिन चालू आणि बॅटरीला काही पोचतच नाही.

घरी येऊन गरम असतानाच सीट, टाकी, डावी बाजू उघडली आणि इंजिनातून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा माग काढत रेग्युलेटरकडच्या प्लगपर्यंत गेलो. प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बाजूच्या वायरी कोमट, आणि हा इस्त्रीसारखा तापलेला. सोडवताना प्लास्टिक एका बाजूला वितळून चिकटलेलं. पकडीने ओढून काढला. तीनपैकी दोन पिना पितळी रंगाच्या, तिसरी काळी-तपकिरी, तिच्या मुळाशी हिरवट गंज, आणि त्या वायरीचं वेष्टण बोटभर लांब कडक होऊन तडकलेलं. थंड असताना ती पिन कशीबशी टेकत होती, तापली की सुटत होती.

प्लग सुटलेलाच होता म्हणून इंजिनाकडची बाजूही तपासली. बायकोला ॲक्सिलरेटर धरायला उभं केलं, "काटा पाचवर धर," म्हटलं. तिने धरला आणि विचारलं, "हे सगळं गाडी घ्यायच्या आधी करतात ना?" पिवळ्या वायरींच्या तिन्ही जोड्यांमध्ये एसी व्होल्टेज सारखं आलं, आणि इंजिन बंद करून पाहिलं तर एकही वायर बॉडीला लागत नव्हती. म्हणजे कॉइल (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) ठणठणीत. नाहीतर तो खर्च वेगळाच होता.

७ जून

जळकी वायर मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापली, नवा प्लग, नव्या पिना, दाबायच्या पकडीने घट्ट. सोल्डर करून कायमचं जोडावं का, यावर फिटरांशी वाद झाला. मी प्लगच ठेवला, कारण उद्या कॉइल काढायची वेळ आली तर पुन्हा वायर कापावी लागेल. खर्च १८०.

हेडलाइटही उघडला. आधीच्या मालकाने १००/९० वॉटचा बल्ब घातलेला, मूळचा ६०/५५. होल्डर तपकिरी पडलेला. फिटर म्हणतात प्लग त्यानेच जळाला. मला तसं वाटत नाही. त्या पिनेतला गंज पाण्याचा होता, बहुतेक प्रेशरने गाडी धुतल्याचा. पण चार्जिंग तुटल्यावर बॅटरी इतक्या लवकर का बसायची, त्याचं उत्तर हा बल्ब आहे. मूळ वॉटचा बल्ब १५०.

८ जूनला पुन्हा टाकीवर मीटर लावून सव्वा तास. आकडा १३.९च्या खाली आला नाही.

२२ जून

टॅपेट तपासून घेतले. हे काम माझ्याच्याने होणार नाही हे बोल्टाने शिकवलं होतं, म्हणून एका जाणत्या फिटरकडे बसून. इनटेकला ०.१६ आणि एक्झॉस्टला ०.२७ मिलिमीटर गॅप हवा. एक्झॉस्टचा एक व्हॉल्व्ह घट्ट निघाला, बाकी मापात. या इंजिनात रॉकर बाजूला सरकवून शिम (गॅप ठरवणारी चकती) बदलता येते, कॅमशाफ्ट काढावा लागत नाही, त्यामुळे दुपारी सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. गॅस्केटसकट १,७००. सकाळची पहिली स्टार्ट आता एका दमात.

जुलै

पाऊस. चेनला ऑइल, बाकी काही नाही. माझ्या नावाची आरसी पोस्टाने केव्हाच आली होती, ती आता कुठे पाकिटातून काढली.

१५ ते १७ ऑगस्ट

जोडून सुट्टी. सातारा-कोल्हापूर-आजरा-आंबोली-सावंतवाडी, मुक्काम वेंगुर्ल्याला, त्याच रस्त्याने परत. आंबोलीत धुकं इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. पूर्ण पावसात एबीएसने एकदाच काम केलं, गडहिंग्लजकडे वळताना समोर म्हैस आली तेव्हा. म्हशीने मान वळवूनही पाहिलं नाही. ॲव्हरेज ३३च्या आसपास. १३ लिटरच्या टाकीत साडेतीनशेनंतर पंप शोधायला लागतो. तिसऱ्या दिवशी मनगटं दुखली, पाठ नाही. गाडी ज्यासाठी घेतली ते हेच.

३१ ऑगस्ट

गणपतीच्या गडबडीत बेरीज केली. गाडी ६६,०००, वर २९,६६३. एकूण ९५,६६३. त्यातले निव्वळ वाया : तुटलेला बोल्ट ३९०, बॅटरी १,९५०, रेग्युलेटर १,४००, टेम्पो २,५००, मिळून ६,२४०. बॅटरी वाया धरायची का, यावर माझाच माझ्याशी वाद आहे. जुनी कदाचित चांगली होती, पण ती देऊन बसल्यामुळे आता कळायला मार्ग नाही. काढलेला मूळ रेग्युलेटर परत बसवला, तोच चालू आहे. नवा सीटखाली, जुन्या मोज्यात गुंडाळून.

राहिलेली कामं : मागचे ब्रेकपॅड दिवाळीपर्यंत चालतील. डाव्या फेअरिंगमधून साडेचार हजार आरपीएमला बारीक किणकिण येते, बोटाने दाबलं की थांबते. नक्की कुठल्या बोल्टाची, ते अजून सापडलेलं नाही. पुठ्ठ्यावरचं एक भोक मात्र रिकामं आहे.